साथीतील मृत्यूंची इतर मृत्युकारणांशी तुलना कशी करावी

2020 च्या एप्रिलमध्ये घरोघरच्या व्हॉट्सॲप गटांवर एक हिशेब फिरत होता. आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत वर्षाला दीड लाख माणसे मरतात, क्षयाने त्याच्या तिप्पट मरतात आणि कोविडने आतापर्यंत काही शेच गेले आहेत, मग एवढी धास्ती कशाची, असा त्याचा सूर असे. त्यातील एकही आकडा मनाने रचलेला नव्हता. तरीही तो हिशेब चुकीचा होता, कारण त्यात तीन वेगवेगळ्या मापांनी मोजलेल्या तीन गोष्टी एकाच ओळीत मांडलेल्या होत्या. अशा तुलना पुन्हा होतील आणि त्या व्हायलाही हव्यात, कारण आरोग्यावरचा खर्च कुठे करायचा हे ठरवण्याला दुसरा आधार नाही. म्हणूनच ती तुलना पायरीपायरीने कशी करावी हे येथे भारताचे आणि त्यातही महाराष्ट्राचे आकडे घेऊन मांडत आहे.

सर्वांत आधी दोन्ही आकड्यांचा कालावधी तपासावा. अपघातांचा आकडा पूर्ण वर्षाचा असतो, तर साथीचा आकडा ती सुरू झाल्यापासून त्या दिवसापर्यंतचा असतो. शिवाय अपघाती मृत्यू वर्षागणिक थोडेफारच कमीजास्त होतात. साथ मात्र संसर्गाने पसरते, त्यामुळे तिचा आजचा आकडा महिन्याभरानंतर किती होईल हे आजच्या आकड्यावरून सांगता येत नाही. महाराष्ट्रात पहिला रुग्ण 9 मार्च 2020 रोजी पुण्यात सापडला आणि पहिला मृत्यू 17 मार्चला मुंबईत झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस देशातील अधिकृत कोविड मृत्यू 1.49 लाखांच्या घरात पोहोचले होते. 2019 मध्ये रस्ते अपघातांत 1,51,113 जण गेले होते, म्हणजे एप्रिलमध्ये क्षुल्लक वाटलेला आकडा डिसेंबरात अपघातांच्या बरोबरीला आला. पुढे 2021 च्या एप्रिल ते जून या तीनच महिन्यांत अधिकृत मृत्यू 1.63 लाखांवरून सुमारे 4 लाखांवर गेले. अपघातांच्या दीड वर्षाच्या बळींइतके मृत्यू एका तिमाहीत नोंदले गेले, आणि तेही केवळ अधिकृत मोजणीनुसार. त्यामुळे साथीची तुलना करताना एक तर पूर्ण कॅलेंडर वर्ष घ्यावे किंवा दोन्हीकडचे तेच महिने घ्यावेत. साथीचे तीन वर्षांचे एकत्रित मृत्यू हृदयविकाराच्या एका वर्षाच्या मृत्यूंशी ताडून पाहणे ही याच चुकीची दुसरी बाजू आहे, आणि तीही तितक्याच सर्रास केली जाते.

कालावधी जुळला की आकडा कसा मोजला आहे ते पाहावे. माझ्या मते सगळ्यांत जास्त घोळ इथेच होतो. साथीच्या वर्षांत क्षयाने वर्षाला साडेचार ते पाच लाख मृत्यू झाले असे आपण म्हणतो, तेव्हा तो जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असतो. नोंदींतील उणिवा गृहीत धरून, त्या गणिताने भरून काढून तो तयार केलेला असतो. साथ सुरू झाल्यापासूनचे कोविडचे एकूण 5.33 लाख मृत्यू ही मात्र चाचणी होऊन, रुग्णालयातून कळून, जिल्ह्याकडून राज्याकडे आणि राज्याकडून केंद्राकडे गेलेली नोंद आहे. एका बाजूला अंदाज आणि दुसऱ्या बाजूला नोंद ठेवली, तर नोंदीची बाजू नेहमी हलकी दिसणार. अपघातांचेही तसेच आहे. 2016 मध्ये पोलिसांच्या नोंदींवरून देशात दीड लाख अपघाती मृत्यू झाले होते, पण त्याच वर्षासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज सुमारे 3 लाखांचा होता. तेव्हा नोंद नोंदीशी ताडावी आणि अंदाज अंदाजाशी. संघटनेने मे 2022 मध्ये जाहीर केलेल्या अंदाजानुसार 2020 आणि 2021 या दोन वर्षांत भारतात सुमारे 47 लाख अतिरिक्त मृत्यू (साथ नसती तर झाले असते त्यांहून जास्तीचे) झाले, आणि या अंदाजाची खालची व वरची मर्यादा साधारण 33 लाख व 65 लाख अशी होती. भारत सरकारने त्या गणिती पद्धतीला जाहीर हरकत घेतली. ती हरकत मान्य असो वा नसो, क्षयाचा अंदाज हाती घेतला की कोविडच्या बाजूलाही अंदाजच ठेवावा लागतो. एखाद्याला कोविडच्या अंदाजाची पद्धत मान्य नसेल, तर त्याने क्षयाच्याही नोंदलेल्याच मृत्यूंवर थांबावे.

नोंद म्हणजे नेमके काय, हे कळण्यासाठी एक कागद जवळून पाहू. रुग्णालयात मृत्यू झाला की डॉक्टर ‘नमुना 4’ भरतात, आणि घरी झालेल्या मृत्यूसाठी ‘नमुना 4 अ’ असतो. त्याच्या पहिल्या भागात एकाखाली एक ओळी असतात. वरच्या ओळीत मृत्यूला थेट कारणीभूत ठरलेली अवस्था, तिच्याखाली ती अवस्था कशामुळे आली ते, आणि सर्वांत खालच्या ओळीत ही साखळी जिथून सुरू झाली ते मूळ कारण लिहायचे असते. दुसऱ्या भागात मधुमेह, रक्तदाब यांसारखे आजार येतात, जे मृत्यूला हातभार लावतात पण साखळीत बसत नाहीत. आकडेवारीत मृत्यू ज्याच्या नावावर जमा होतो ते हे मूळ कारण असते, वरची ओळ नव्हे. कोविडच्या रुग्णाबाबत वर तीव्र श्वसनक्षीणता, खाली न्यूमोनिया आणि तळाशी कोविड असे लिहिलेले असेल, तर मृत्यू कोविडचा ठरतो, मग दुसऱ्या भागात वीस वर्षांचा मधुमेह नोंदलेला का असेना. ‘कोविडने गेले की कोविड असताना गेले’ हा वाद दोन-तीन वर्षे चालला. त्याचे उत्तर बहुतांशी याच कागदात आहे, अर्थात कागद नीट भरलेला असेल तर.

तो नेहमी नीट भरलेला नसतो. माझे मामा 2021 च्या मेमध्ये सातारा जिल्ह्यातील एका खासगी रुग्णालयात वारले. ताप, धाप, सीटी स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसांवर डाग आणि सहा दिवस ऑक्सिजन, असा सगळा प्रवास आम्ही पाहिला होता. आरटीपीसीआर चाचणी मात्र उशिरा झाली आणि निगेटिव्ह आली. त्यांच्या नमुन्यात पहिल्या ओळीत ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ आहे, तिच्याखालच्या दोन्ही ओळी कोऱ्या आहेत आणि दुसऱ्या भागात मधुमेह आहे. हृदय आणि श्वास बंद पडणे हे मृत्यूचे कारण नाही, मृत्यू म्हणजेच ते. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात चाचणीने सिद्ध झालेल्या कोविडसाठी ‘यू 07.1’ आणि चाचणीने सिद्ध न झालेल्या पण लक्षणांवरून निदान झालेल्या संशयित कोविडसाठी ‘यू 07.2’ असे वेगळे संकेतांक आहेत, म्हणजे मामांसारख्यांसाठी जागा होती. दिवसाला पाच-पाच नमुने भरणाऱ्या डॉक्टरांना त्या दिवसांत दोष देण्याची माझी इच्छा नाही, पण त्या कोऱ्या ओळींनी आकडा बदलतो हे खरे आहे. एक गोष्ट येथेच सांगून ठेवतो. नगरपालिकेकडून मिळणाऱ्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण छापलेले नसते, कारण 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम 17 नुसार नोंदवहीच्या उताऱ्यात कारण उघड करता येत नाही. त्यामुळे दाखल्यावर कोविड लिहिलेला नाही एवढ्यावरून कोणताही निष्कर्ष काढू नये.

आता हे नमुने ज्यात एकत्र येतात त्या अहवालाकडे वळू. भारताच्या महानिबंधकांचे कार्यालय दरवर्षी वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित केलेल्या मृत्युकारणांचा अहवाल काढते. 2020 च्या अहवालात रक्ताभिसरण संस्थेच्या रोगांचा वाटा 32.1 टक्के, श्वसनसंस्थेच्या रोगांचा 10 टक्के आणि कोविडचा 8.9 टक्के होता. हे वाचून ‘देशातील दर शंभर मृत्यूंपैकी नऊ कोविडचे’ असे लिहिण्याचा मोह होतो आणि अनेकांनी तसे लिहिलेही. पण त्या वर्षी नोंदणी झालेल्या मृत्यूंपैकी केवळ 22.5 टक्के मृत्यूंनाच वैद्यकीय प्रमाणपत्र होते. ही टक्केवारी त्या 18.1 लाख मृत्यूंची आहे, आणि ते प्रामुख्याने मोठ्या शहरांतील व मोठ्या रुग्णालयांतील आहेत. उरलेल्या साडेसत्त्याहत्तर टक्क्यांविषयी हा अहवाल काहीही सांगत नाही. टक्केवारी वापरताना तिचा छेद कोणता, हे त्याच वाक्यात लिहिण्याची सवय लावून घ्यावी. 2021 मध्ये प्रमाणित मृत्यूंत कोविडचा वाटा 17.3 टक्क्यांवर गेला आणि रक्ताभिसरण संस्थेच्या रोगांचा 29.8 टक्क्यांवर आला. दोन वर्षांचे प्रमाणित कोविड मृत्यू मिळून सुमारे 5.74 लाख होतात. त्याच काळाअखेरचा आरोग्य मंत्रालयाचा अधिकृत आकडा 4.81 लाख होता. म्हणजे जेमतेम एक चतुर्थांश मृत्यूंकडे पाहणाऱ्या अहवालात सापडलेले कोविड मृत्यू संपूर्ण देशाच्या अधिकृत आकड्याहून जास्त आहेत.

याच अहवालातून आणखी एक सापळा दिसतो. ‘रक्ताभिसरण संस्थेचे रोग’ हा एक रोग नाही. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, उच्च रक्तदाबाचे परिणाम, झडपांचे आजार असा तो वर्गीकरणाचा एक पूर्ण विभाग आहे, तर कोविड हा एकच रोग आहे. पूर्ण विभाग एका रोगाशेजारी ठेवून ‘हृदयरोगच पहिला’ म्हणणे म्हणजे एका घराण्याच्या जमिनीची एका माणसाच्या शेताशी तुलना करण्यासारखे आहे. क्रमवारी लावायची असेल, तर सगळी कारणे एकाच पातळीवर आणावीत, म्हणजे सगळीकडे विभाग घ्यावेत किंवा सगळीकडे सुटे रोग घ्यावेत. क्रमवारी वाचताना यादीत किती खाने पाडले आहेत ते आधी मोजावे, कारण खाने बदलले की क्रमांक बदलतो.

रोजच्या आकड्यांवर तुलना उभारू नये. 16 जून 2020 रोजी महाराष्ट्राने आधी सुटलेले 1,328 मृत्यू एकदम यादीत घेतले, त्यांपैकी 862 एकट्या मुंबईतील होते. पुढच्या वर्षी 10 जूनला देशाचा दिवसाचा आकडा 6,148 दिसला, कारण बिहारने जुन्या मृत्यूंचा फेरहिशेब करून 3,951 मृत्यू वाढवले होते. हे आकडे नोंद जाहीर झाल्याच्या तारखेचे आहेत, माणूस गेल्याच्या तारखेचे नाहीत. ‘आज कोविडने कर्करोगापेक्षा जास्त बळी घेतले’ अशा वाक्याला त्यामुळे काहीच आधार उरत नाही. दिवसांऐवजी महिने घ्यावेत, आणि शक्य असेल तेथे मृत्यूच्या तारखेनुसार लावलेली सारणी वापरावी.

कारणांची नोंदच अपुरी असेल, तर कारण बाजूला ठेवून एकूण मृत्यू मोजण्याचा मार्ग उरतो. यालाच अतिरिक्त मृत्यूंची पद्धत म्हणतात. साथ नसती तर जितके मृत्यू झाले असते ते प्रत्यक्ष मृत्यूंतून वजा करावेत, इतकी ती सोपी आहे. अवघड आहे ते ‘साथ नसती तर’ हा आकडा ठरवणे. आपल्या नागरी नोंदणीचे आकडे मांडून पाहा. देशात 2018 मध्ये 69.5 लाख, 2019 मध्ये 76.4 लाख, 2020 मध्ये 81.2 लाख आणि 2021 मध्ये 102.2 लाख मृत्यूंची नोंदणी झाली. 2020 मध्ये आदल्या वर्षापेक्षा 4.7 लाख मृत्यू वाढले, तेव्हा हे सगळे कोविडचेच, असे म्हणावेसे वाटते. पण साथीचा मागमूस नसलेल्या 2019 मध्ये 6.9 लाखांची वाढ झाली होतीच. ती माणसे जास्त मेली म्हणून नव्हे, मुख्यतः नोंदणी सुधारली म्हणून झाली. याचा आधार घेऊन ‘2020 मध्ये विशेष काही घडलेच नाही’ असा उलटा निष्कर्षही काढला गेला, आणि तोही तितकाच कच्चा आहे, कारण टाळेबंदीत नोंदणी कार्यालये बंद होती आणि कित्येक मृत्यूंची नोंद लांबली किंवा राहूनच गेली.

2021 ची गोष्ट वेगळी आहे. एकाच वर्षात 21 लाखांची वाढ नोंदणी सुधारली म्हणून होत नाही. येथे एक ढोबळ हिशेब कोणालाही कागदावर करता येतो. नमुना नोंदणी पद्धतीनुसार (निवडक गावे आणि शहरी भाग घेऊन केलेल्या सरकारी पाहणीनुसार) साथीपूर्वीच्या 2019 मध्ये देशाचा मृत्युदर हजारी 6 होता. 2021 ची अंदाजित लोकसंख्या 136 कोटींच्या थोडी वर धरली, तर अपेक्षित मृत्यू सुमारे 82 लाख होतात. नोंदणी झाली 102 लाखांची. फरक 20 लाखांचा निघतो. त्या वर्षातील अधिकृत कोविड मृत्यू साधारण 3.3 लाख होते, म्हणजे हा फरक त्यांच्या सहा पट आहे. हा हिशेब ढोबळच आहे. हजारी 6 हा दरच थोडा कमी मोजलेला असेल तर फरक घटेल, आणि 2021 मध्येही काही मृत्यूंची नोंदणी झाली नसेल तर तो वाढेल. अशा वेळी एकच आकडा ठामपणे फेकण्यापेक्षा दोन-तीन गृहीतके बदलून हिशेब पुन्हा करावा आणि उत्तर किती हलते ते वाचकाला दाखवावे.

अतिरिक्त मृत्यू म्हणजे सगळे कोविडचे मृत्यू नव्हेत, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे. त्यात डायलिसिस चुकलेले रुग्ण आहेत, बाळंतपणात वेळेवर वाहन न मिळालेल्या बायका आहेत. क्षयाच्या नव्या नोंदी 2019 मध्ये सुमारे 24 लाख होत्या, त्या 2020 मध्ये 18 लाखांवर आल्या. आजार कमी झाला नव्हता, तपासणी कमी झाली होती, आणि निदान न झालेल्या क्षयाचे मृत्यू पुढच्या वर्षांत पसरतात. दुसरीकडे रस्ते ओस पडल्याने अपघाती मृत्यू 2020 मध्ये 1,31,714 वर उतरले आणि 2021 मध्ये पुन्हा 1,53,972 झाले. म्हणजे साथीने काही मृत्यू वाढवले आणि काही टाळलेही, आणि अतिरिक्त मृत्यूंच्या आकड्यात या दोहोंची बेरीज-वजाबाकी आधीच झालेली असते. म्हणून कोविडच्या बाजूला अतिरिक्त मृत्यू मांडले, तर ‘कोविडने मृत्यू’ असे न लिहिता ‘साथीच्या काळातील अतिरिक्त मृत्यू’ असेच लिहावे.

दोन प्रदेशांची तुलना करताना लोकसंख्येने भागून लाखामागे दर काढावा, हे बहुतेकांना ठाऊक असते. वयाचा विचार मात्र राहून जातो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील तरुण पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला जाऊन राहिले आहेत, त्यामुळे तेथे म्हाताऱ्या माणसांचे प्रमाण जास्त आहे. नंदुरबारात मुलांचे आणि तरुणांचे प्रमाण जास्त आहे. समजा दोन्हीकडे साठीपुढच्या हजार माणसांमागे 5 आणि साठीखालच्या हजार माणसांमागे 1 असा साथीचा मृत्युदर अगदी सारखा आहे. साठीपुढचे लोक एका जिल्ह्यात 20 टक्के आणि दुसऱ्यात 8 टक्के असतील, तर एकूण दर पहिल्यात हजारी 1.8 आणि दुसऱ्यात 1.32 निघतो. रोग आणि उपचार दोन्हीकडे सारखेच असताना पहिल्या जिल्ह्याचे प्रशासन नापास ठरते. यावर उपाय म्हणजे प्रत्येक वयोगटाचा दर वेगळा काढावा आणि दोन्ही जिल्ह्यांसाठी एकच प्रमाण लोकसंख्या धरून तो लावावा. वयप्रमाणित मृत्युदर म्हणतात तो हाच.

वयाचा प्रश्न कारणांच्या तुलनेतही येतो. रस्ते अपघातांतील बळींपैकी दोन तृतीयांशांच्या आसपास 18 ते 45 वयाचे असतात, तर कोविडने वयस्कर माणसे अधिक नेली. मृत्यूंची संख्या सारखी असली, तरी अपघातांत गमावलेली आयुष्याची वर्षे त्यामुळे जास्त भरतात. गमावलेल्या वर्षांचा हिशेब रस्तासुरक्षेसारख्या कामासाठी जरूर करावा. मात्र सत्तरीच्या माणसाचा मृत्यू मोजणीतून वगळण्यासाठी तो वापरला जातो तेव्हा मला तो मान्य नाही. दोन्ही मापे शेजारी शेजारी द्यावीत.

जुन्या साथींशी तुलना करतानाही हेच नियम लागू होतात. 1896 मध्ये मुंबईत आलेल्या प्लेगने पुढच्या दोन दशकांत देशात सुमारे 1 कोटी बळी घेतले. जून 1918 मध्ये मुंबई बंदरातून शिरलेल्या इन्फ्लुएंझाने त्याहून जास्त माणसे काही महिन्यांत नेली, त्यांतील बहुतेक त्या वर्षाच्या उत्तरार्धातील दुसऱ्या लाटेत. सरकारी पहिला अंदाज साठ लाखांच्या आसपास होता. पुढे जनगणनांची उजळणी झाली तेव्हा अभ्यासकांचे अंदाज 1.2 कोटी ते 1.8 कोटींपर्यंत गेले. आजच्या भारताच्या हद्दीतील लोकसंख्या 1911 मध्ये 25.21 कोटी होती आणि 1921 मध्ये ती 25.13 कोटी भरली. लोकसंख्या घटल्याचे दाखवणारी ती एकमेव जनगणना आहे. मरणाऱ्यांची कारणे गावोगावच्या पाटलांच्या नोंदवह्यांत बहुधा नुसती ‘ताप’ म्हणून लागत असत, तरी 1921 मध्ये शिरगणती झाली तेव्हा माणसे कमी भरलीच.

इतके झाल्यावर तुलनेचे वाक्य लिहावे, आणि त्यात प्रदेश, काळ, मोजणीची पद्धत व छेद या चारही गोष्टी याव्यात. उदाहरणार्थ: ‘भारतात 2021 मध्ये वैद्यकीय प्रमाणपत्र असलेल्या सुमारे 24 लाख मृत्यूंपैकी 17.3 टक्के मृत्यूंचे मूळ कारण कोविड नोंदले गेले, आणि रक्ताभिसरण संस्थेच्या सर्व रोगांचा मिळून वाटा 29.8 टक्के होता.’ वाक्य लांब होते, मथळ्यात मावत नाही, पण कोणालाही ते तपासून पाहता येते.

त्या वाक्यात माझे मामा कुठे येतात हे मी शोधून पाहिले आहे. मंत्रालयाच्या 5.33 लाखांत ते नाहीत, कारण चाचणी निगेटिव्ह होती. प्रमाणित कोविड मृत्यूंच्या 17.3 टक्क्यांतही ते नाहीत. त्यांचा नमुना पुढे गेला असेल, तर ते मधुमेहाच्या किंवा हृदयविकाराच्या रकान्यात, म्हणजे कोविडशी ज्यांची तुलना करायची त्याच कारणांमध्ये मोजले गेले असतील. 2021 च्या 102.2 लाखांत मात्र ते आहेत, कारण त्यांची नोंदणी मी स्वतः पंधराव्या दिवशी करून आलो होतो.